पाणी द्यायला कोणाचीच हरकत नाही

पुराव्याबद्दल आदर असणं हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे, आणि ज्या वस्तूचा आदर करायचा तिला पारोशाने हात लावायचा नसतो. म्हणून कुठल्याही चांगल्या रुग्णालयात संशोधनाचा पुरावा आला की लगेच वापरायला काढत नाहीत. आधी त्याला स्वच्छ जागी ठेवतात, त्याच्यासाठी समिती नेमतात, वर्षातून एक आठवडा त्याच्या नावाने फुगे लावतात, सँडविचेस मागवतात (त्यातली चार शाकाहारी, जी मांसाहारी लोक आधी संपवतात), आणि बाकीचे एकावन्न आठवडे पूर्वीपासून चालत आलं आहे तसंच चालू ठेवतात. यात ज्यांना विसंगती दिसते ते लोक एक तर नवीन असतात किंवा पेशंट असतात.

उर्वी देवस्थळी नवीन नव्हती. ॲन आर्बरमधल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात, पाचव्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डात ती नऊ वर्षं नर्स होती. (रुग्णालयाचं नाव इथे देता आलं नाही. ते छापायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारी समिती सध्या आपलं स्वतःचं नाव बदलण्यात गुंतली आहे.) गाव विद्यापीठाचं. इथे दर तीन माणसांतला एक काहीतरी सिद्ध करत असतो, दुसरा त्यासाठी निधी मागत असतो आणि तिसरा बर्फात बसची वाट बघत असतो.

उर्वीचा जन्म मिशिगनचाच. वडील विवेक हे मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. आई रुपाली, शाळेच्या लायब्ररीत. त्या भागातल्या मराठी घरांतल्या पुढच्या पिढीची पाहणी केली तर चाळीस टक्के मुलं डॉक्टर निघतात, चाळीस टक्के सॉफ्टवेअरमध्ये, अठरा टक्के 'सध्या जरा ब्रेक घेतलाय' या क्षेत्रात, आणि उरलेले दोन टक्के म्हणजे उर्वी. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की विवेकराव "हेल्थकेअरमध्ये आहे" असं सांगून लगेच यंदाच्या बर्फाचा विषय काढत. ते खोटं बोलत नसत. फक्त पुढचा प्रश्न येणार नाही इतपत खरं बोलत.

तर या वॉर्डात एक नियम होता. ज्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्याला मध्यरात्रीनंतर तोंडाने काही द्यायचं नाही. अन्न नाही आणि पाणीही नाही. आपल्याकडे याला निर्जळी म्हणतात आणि त्याने पुण्य लागतं. तिकडे पुण्याची सोय नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून हा नियम झाला, आणि अन्नाच्या बाबतीत तो अगदी योग्य आहे. साधं पाणी मात्र बहुतेक पेशंटना ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत उर्वी प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून छापलेलं आहे. ही तत्त्वं वॉर्डात भिंतीवरही लावली होती. चौकट सुरेख होती, आणि तिच्या खालीच पेशंटना पाणी नाही म्हणून सांगायचं टेबल होतं.

त्या हिवाळ्यात मिस्टर डब्रोव्स्की नावाचे एक वृद्ध गृहस्थ खुब्याच्या ऑपरेशनसाठी आले. जन्मभर गावात बस चालवलेली. सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. त्यांनी सुरुवातीला पाणी विनोद करत मागितलं, मग विनंती करून मागितलं, मग मागायचं सोडून दिलं. ओठ ओले करायला उर्वीने काडीला लावलेला ओला स्पंज दिला, तर त्यांनी तो दातांत धरून चोखला, आणि तिला तो ओढून काढून घ्यावा लागला. तेवढ्यात साफसफाईवाली बाई आली आणि तिने शेजारच्या फुलदाणीत भांडंभर पाणी ओतलं. फुलांना पाणी द्यायला कोणाची सही लागत नाही. म्हातारबुवा त्या फुलदाणीकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती बघून उर्वीला स्वतःची शरम वाटली. घरी जाताना गाडीत तिने ठरवलं की हे बदलायचं. सकाळी उठल्यावरही ते ठरलेलंच होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तिची अपेक्षा होती की विरोध होईल. तिने उत्तरं तयार ठेवली होती. पण विरोध कोणीच केला नाही. सर्जन म्हणाले, "ॲब्सोल्यूटली." भूलतज्ज्ञ म्हणाले, "आम्ही तर कधीचे म्हणतोय." वॉर्डची हेड नर्स ब्रेंडा, बावीस वर्षं याच मजल्यावर काढलेली बाई, तिने तर उर्वीला मिठी मारली. ज्या सुधारणेला विरोधक असतो ती कधी ना कधी होते, कारण विरोधक म्हातारा होतो, रिटायर होतो, फ्लोरिडाला जातो. जिला सगळ्यांचाच पाठिंबा आहे तिचं काय करायचं, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. उर्वीने पाठिंब्याची वर्गवारी करून बघितली. तोंडी पाठिंबा, ईमेलवर अंगठा दाखवून दिलेला पाठिंबा, मीटिंगमध्ये मान डोलावून दिलेला आणि मीटिंगबाहेर आठवत नसलेला पाठिंबा, आणि 'तुझ्यासारख्या तरुण लोकांनीच हे करायला हवं' हा पाठिंबा, ज्यात पाठिंबा देणारा आधीच लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

मग ती परिचर्या विभागाच्या संचालिका डॉ. लॉरेन विट्कोम यांच्याकडे गेली. विट्कोमबाई सज्जन होत्या, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते दुष्टपणामुळे झालं असा कोणाचा समज होऊ नये. एवढं काम दुष्ट माणसाच्या हातून होत नाही. त्यांनी उर्वीचं सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणी आणलं (रुग्णालयातलं त्या दिवशी विनापरवाना वाहिलेलं एवढंच), आणि म्हणाल्या, "उर्वी, धिस इज ब्यूटिफुल. पण मला सांग, सगळ्यांना जर माहीत आहे आणि सगळ्यांना मान्य आहे, तर मग हे होत का नाही?"

"तेच तर मी विचारतेय," उर्वी म्हणाली.

"एक्झॅक्टली," विट्कोमबाई म्हणाल्या. "म्हणजे आधी अडथळे समजून घ्यायला हवेत."

नर्सेस पुरावा वापरत का नाहीत, या विषयावर जगात भरपूर संशोधन झालेलं आहे. किंबहुना पुरावा वापरण्यापेक्षा तो का वापरला जात नाही याचा पुरावा गोळा करणं हे काम कितीतरी पुढे गेलेलं आहे. तेव्हा असं ठरलं, की पाणी देण्याच्या आड काय येतं हे कळण्यासाठी या संशोधनाचं चिकित्सक परीक्षण करावं, त्यासाठी समिती नेमावी आणि समितीचा अहवाल येईपर्यंत पाणी देऊ नये. हा शेवटचा भाग कोणी मांडला नाही. तो आपोआप झाला. वर, उर्वी विद्यापीठात नर्सिंगची डॉक्टरेट करतच होती, तिला विषय हवा होता, तो मिळाला. घरी बातमी कळल्यावर विवेकरावांनी पहिल्यांदाच तिथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात बर्फाचा विषय न काढता "माझी मुलगी डॉक्टरेट करते" एवढं वाक्य पूर्ण केलं. समिती मोडता येणार नाही हे उर्वीला तेव्हाच कळायला हवं होतं.

समितीत चार जण होते. विट्कोमबाई अध्यक्ष. उर्वी निमंत्रक, म्हणजे काम करणारी. प्रत्यक्ष वॉर्डाचा आवाज म्हणून ब्रेंडा. आणि आकडेवारीसाठी अमेय पटवर्धन, पुण्याहून आलेला, हुशार, सडसडीत, प्रत्येक गोष्टीवर "डिपेंड्स" म्हणणारा तरुण. त्याला कोणी गुड मॉर्निंग म्हटलं तरी तो खिडकीबाहेर बघून मग उत्तर देई.

त्यांनी एकशे बेचाळीस शोधनिबंध वाचले. ते अठ्ठावीस देशांतून आले होते आणि निष्कर्ष सगळ्यांचे सारखेच होते. नर्सना वेळ नसतो. नर्सना पद्धत बदलायचा अधिकार नसतो. संशोधनातलं गणित कळेल अशा भाषेत लिहिलेलं नसतं (हा निष्कर्ष बहुतेकांनी अशा कोष्टकांत मांडला होता की तो ब्रेंडाला उर्वीने समजावून सांगितला, उर्वीला अमेयने, आणि अमेयने मूळ लेखकाला पत्र लिहिलं). एकशे बेचाळीसपैकी एकशे एकेचाळीस निबंधांनी शेवटी या विषयावर आणखी संशोधन व्हायला हवं असं म्हटलं होतं. उरलेल्या एका निबंधाचं शेवटचं पान लायब्ररीच्या प्रतीत नव्हतं.

परीक्षणाची एक ठरलेली पट्टी असते. नमुना कसा निवडला, किती लोकांनी उत्तरं दिली, मोजमाप विश्वासार्ह आहे का, असे दहा प्रश्न, आणि त्यावरून निबंधाला गुण द्यायचे. अमेय या कामाला लागला आणि निबंध धडाधड पडू लागले. एकात प्रश्नावली पाचशे नर्सना पाठवली आणि उत्तर आलं ब्याण्णव जणींचं. ज्यांना वेळ आहे अशा ब्याण्णव जणींनी 'वेळ नाही' हा अडथळा सांगितला होता. ज्यांना खरोखर वेळ नव्हता त्यांनी पाकीटच उघडलं नव्हतं. हा निबंध बाद. दुसऱ्यात सगळ्या नर्स एकाच रुग्णालयातल्या. बाद. तिसऱ्यात वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या, पण मग त्यांची तुलना कशी करणार? बाद.

"पण त्या सगळ्या एकच गोष्ट सांगतायत ना," उर्वी म्हणाली. "दीडशे निबंध, अमेय. सगळीकडे तेच."

"हो, पण सांगतायत ना," अमेय म्हणाला. "सेल्फ रिपोर्ट आहे यार सगळा. मला अडथळा आहे असं माणूस म्हणतो, म्हणजे अडथळा आहे असं होत नाही. म्हणजे, असेलही. डिपेंड्स."

"मग सिद्ध कसं करायचं?"

त्याचं उत्तर अमेयकडे तयार होतं. काही नर्सना चिठ्ठ्या टाकून वेळ द्यायचा, काहींना द्यायचा नाही, आणि दोन्ही गटांत फरक पडतो का बघायचं. सगळ्यांना ही कल्पना फार आवडली. पण प्रत्यक्षात दुसरा गट लगेच भरला आणि पहिल्या गटासाठी वेळ असलेल्या नर्स रुग्णालयात सापडल्या नाहीत. विट्कोमबाईंनी चौकशी केली. वेळ वरच्या मजल्यावरून मंजूर होतो आणि या आर्थिक वर्षात तो संपला होता.

दरम्यान मिशिगनमधला हिवाळा संपून पुन्हा सुरू झाला. मिस्टर डब्रोव्स्की खुबा बसवून घरी गेले, दुसऱ्या बाजूचा खुबा घेऊन परत आले, आणि फुलदाणी खोलीत नको असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. समितीचं काम चालू होतं.

मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणाला उर्वीला श्रीराम काका भेटले. काका चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त होऊन टोमॅटो लावत. उर्वीला वाटलं, हा माणूस आतला आहे, आणि आता याला कोणाची नोकरी करायची नाही. तिने त्यांना सरळ विचारलं.

"पाणी?" काका तिळाची वडी फोडत म्हणाले. "अगं पाण्याने काय होतंय! पोटातून कधीच निघून जातं. उलट चांगलं. घसा कोरडा राहत नाही, शिरा सापडतात, माणूस चिडत नाही. आम्हाला हे केव्हापासून माहीत आहे."

"मग तुम्ही द्यायचात?"

"मी?" काकांनी इकडेतिकडे बघितलं. "छे."

"का पण, काका?"

"हे बघ बेटा. पाणी दिलं आणि काही झालं, की विचारतात कोणी दिलं. नाव लागतं. नाही दिलं आणि माणूस दिवसभर तळमळला, तर कोणी नाही दिलं असं कधी कोणी विचारलंय? न देणाऱ्याचं नाव कुठे असतं?" काकांनी वडी तोंडात टाकली. "तू वडी घे ना. रुपालीने छान केल्यात."

उर्वीने घरी येऊन हे सगळं टिपून घेतलं आणि पुढच्या मीटिंगमध्ये मांडलं. ती म्हणाली की एकशे बेचाळीस निबंधांत जे नाही ते हे आहे. आपल्या संगणकात 'पाणी दिलं' असं लिहायला गेलं की देणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि 'दिलं नाही' याची नोंदच होत नाही. हाच अडथळा आहे. समिती गंभीर झाली. ब्रेंडाने तर तिचा हात धरला. मग अमेयने विचारलं, "सॅम्पल साइझ किती?"

"एक," उर्वी म्हणाली.

"आणि ते काका तुझे रिलेटिव्ह?"

नात्यातले नव्हते, पण 'काका' या शब्दाचा खुलासा समितीला करता करता मीटिंग संपली.

रुपालीबाईंनी पूर्वी एकदा एक गोष्ट केली होती, ती इथे सांगायला हरकत नाही, कारण तिच्यामुळे कथेत काहीच बदल झाला नाही. त्या लग्नापासून हरतालिकेचा निर्जळी उपास करत. अमेरिकेत आल्यावर एका वर्षी त्यांना त्या दिवशी ड्राइव्ह करताना चक्कर आली. त्यांनी गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये घेतली, थर्मासमधली कॉफी प्यायल्या, आणि कॉफी ही पाण्यात मोडत नाही असं ठरवलं. तेव्हापासून ते तसंच आहे. समिती नाही, परीक्षण नाही, अठ्ठावीस देश नाहीत. काही हजार वर्षांचा नियम शाळेच्या पार्किंगमध्ये एका कपात बदलला. विवेकरावांनी तेव्हा विचारलं होतं, "चालतं का पण?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मला चालतंय."

अखेर अहवाल आला. त्यातलं तर्कशास्त्र निर्दोष होतं आणि त्याबद्दल समितीचं कौतुक करायलाच हवं. नर्सना अडथळे असतात असं सांगणाऱ्या एकशे बेचाळीस निबंधांपैकी एकही निबंध परीक्षणाच्या पट्टीवर समाधानकारक ठरला नव्हता. याचा अर्थ, पुरावा वापरण्यात अडथळे असतात असा कोणताही भरवशाचा पुरावा उपलब्ध नाही. आणि पुराव्यावर चालणाऱ्या संस्थेला, ज्याचा पुरावा नाही ती गोष्ट आहे असं धरून चालता येत नाही. तेव्हा रुग्णालयात अडथळे नाहीत. अडथळे नाहीत म्हणजे पुरावा वापरला जात असला पाहिजे. आणि पुरावा असं सांगतो की पाणी द्यावं. म्हणजेच पेशंटना पाणी दिलं जात आहे.

"पण दिलं जात नाहीये," उर्वी म्हणाली.

"तुझ्याकडे डेटा आहे?" अमेयने मनापासून विचारलं.

डेटा नव्हता. 'दिलं नाही' याची नोंदच होत नव्हती.

उर्वीला त्या दिवशी रडू आलं, तेही घरी नव्हे तर स्टोअररूममध्ये, पाण्याच्या प्लॅस्टिक ग्लासांच्या खोक्यांना टेकून. मग तिने तोंड धुतलं, अहवालावर सही केली, आणि वसंतात तिला डॉक्टरेट मिळाली. या संशोधनावरच्या तिच्या पोस्टरला राज्यपातळीवर दुसरं बक्षीस मिळालं. (पहिलं बक्षीस वॉर्डात हात धुण्याविषयीच्या पोस्टरला मिळालं, ते लावण्यासाठी बेसिन काढावं लागलं.) लिफ्टपाशी पितळी पाटी लागली: 'अडथळामुक्त परिचर्या केंद्र'. विवेकरावांनी मंडळात पेढे वाटले आणि "माझी मुलगी डॉक्टर आहे" असं सांगितलं, आणि या वेळी पुढचा प्रश्न यावा म्हणून थांबून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात रुपालीबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन साधंच होतं, दुर्बिणीतून करायचं, आणि त्यांनी हट्टाने उर्वीचंच रुग्णालय निवडलं. पाटीपाशी त्यांनी फोटो काढून घेतला. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी अन्न बंद केलं, मध्यरात्रीपासून पाणी. उर्वीने फोनवर सांगितलं होतं, "आई, सकाळी पाणी पी. इट्स फाइन. मी यावर डॉक्टरेट केलीय." रुपालीबाई "बरं" म्हणाल्या होत्या आणि प्यायल्या नव्हत्या, कारण रुग्णालयाच्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

सकाळची वेळ होती ती गेली. हायवेवर बर्फावरून गाड्या घसरल्या, अपघाताचे पेशंट आले, आणि रुपालीबाईंची केस दुपारवर ढकलली. उर्वीची सुट्टी होती. ती घरच्या कपड्यांत आईच्या खाटेशी बसली होती, आणि सवयीने गळ्यात ओळखपत्र तेवढं अडकवलं होतं. रुपालीबाईंच्या ओठांना साल सुटलं होतं. त्यांनी दोनदा जीभ फिरवली. उर्वीने ते बघितलं.

ती उठून ब्रेंडाकडे गेली. "ब्रेंडा, तीन तास तरी आहेत अजून. तिला पाणी देऊ या?"

"ऑफ कोर्स!" ब्रेंडा म्हणाली. "शुअर! गरीब बिचारी."

"मग दे ना."

ब्रेंडाने संगणकाकडे बघितलं. "तू तर मुलगीच आहेस, स्वीटी. तूच दे. मी औषधांच्या खोलीत जातेय. मी काही बघितलेलं नाही."

उर्वीने भूलतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी अतिशय प्रेमाने सांगितलं की त्यांची काही हरकत नाही. हरकत नाही म्हणजे ऑर्डर समजू का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, ऑर्डर अशी नाही, पण हरकतही नाही. मग तिने स्टोअररूममधून ग्लास आणला, नळाचं पाणी भरलं आणि खोलीत आली. तिच्या हातात ग्लास होता, समोर आई होती, मागे एकशे बेचाळीस निबंध होते. या विषयातली तिच्याइतकी माहीतगार व्यक्ती त्या क्षणी सबंध मिशिगनमध्ये दुसरी नसेल. वर तिचं प्रेमही होतं, जे कुठल्याही पट्टीवर मोजलेलं नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, की मधली एखादी केस रद्द झाली आणि आईचा नंबर एकदम लागला तर? सर्जन विचारतील, काही घेतलंय का? आई खरं सांगेल. ते विचारतील, कोणी दिलं? आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, फोटोसकट, आता पुढे 'डॉ.' लावलेलं.

"आई," उर्वी म्हणाली, "जरा वेळ थांबूया का? कशाला उगाच."

रुपालीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग ग्लासाकडे. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मला सवय आहे."

उर्वीने पाणी बेसिनमध्ये ओतलं. ओतल्यावर तिला इतकी लाज वाटली की ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, आणि आईला वाटलं की ती बर्फ बघते आहे.

ऑपरेशन संध्याकाळी झालं आणि उत्तम झालं. त्याआधी सुई लावायला शीर सापडेना; तीन ठिकाणी टोचावं लागलं, आणि टोचणारी मुलगी म्हणाली, "यू आर अ लिटल ड्राय, मॅम." शुद्धीवर आल्यावर रुपालीबाईंनी पहिला शब्द 'पाणी' उच्चारला, आणि त्यांना चमचाभर बर्फाचा चुरा मिळाला. हातावरचे काळेनिळे डाग आठवडाभर होते. रुग्णालयाच्या समाधान-पाहणीत देवस्थळी कुटुंबाने सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच गुण दिले. मंडळात विवेकराव भेटेल त्याला सांगत होते, "हॉस्पिटल एकदम फर्स्ट क्लास. काय स्ट्रिक्ट आहेत! अहो, घरची डॉक्टर असून पाण्याचा थेंब दिला नाही." ऐकणारे माना डोलवत होते. श्रीराम काका सगळ्यांत जास्त.

हे लिहून झाल्यावर आम्ही ते वीसेक जाणत्या वाचकांना दाखवलं. सगळ्यांना उर्वीचा राग आला. एवढं शिकून स्वतःच्या आईला घोटभर पाणी देता येऊ नये म्हणजे काय, असं दोघी तर डोळे पुसत म्हणाल्या. तिच्या जागी तुम्ही असता तर पाणी दिलं असतंत का, असं विचारल्यावर सर्वांनी, म्हणजे शंभर टक्के वाचकांनी, तत्काळ 'दिलं असतं' असं सांगितलं. छान वाटलं. मग आम्ही म्हटलं, तसं तुमच्या नावानिशी कथेखाली छापतो, पूर्ण नाव आणि कुठे नोकरी करता ते सांगा. त्यावर कोणीही नाही म्हटलेलं नाही. सगळ्यांनी थोडा वेळ मागितला आहे, आणि एकाने यासाठी आधी कोणाला विचारावं लागेल का, अशी चौकशी केली आहे.

तुम्हाला अजून विचारलेलं नाही.